संकट पाहिजे

"बाबा, मला एखादं संकट सांगा ना," शर्वरी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. अमेरिकेतल्या विद्यापीठाला निबंध हवा होता, आयुष्यातल्या कठीण काळाबद्दल.

"सहावीत तुला कांजिण्या झाल्या होत्या."

"कांजिण्यांवर तिकडे कोणी प्रवेश देत नाही. तुम्ही मला फारच सुखात वाढवलंत. आता भोगा त्याची फळं."

बाबांनी पेपरची घडी घातली. "तू दहावीत होतीस तेव्हा माझी नोकरी गेली होती. पाच-सहा महिने."

तिची बोटं थांबली. "पण तुम्ही रोज डबा घेऊन ऑफिसला जायचात."

"बागेत बसून खायचो. दहावीचं वर्ष, तुला कशाला सांगायचं? हे लिही हवं तर. फक्त आईला वाचायला देऊ नकोस. तिला अजून माहीत नाही."

"माहीत आहे," आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "तुमच्या ऑफिसच्या पँटला रोज गवत चिकटलेलं असायचं. म्हणून तर डब्यात एक नारळाची वडी जास्त घालत होते."

बाबा उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तिची दहावी होती ना."