मागचे बोल्ट

राज्याच्या वाटणीत ऑफिसची जीप औरंगाबादच्या वाट्याला गेली, आणि तिच्याबरोबर एकनाथराव साहेब न् ड्रायव्हर भिवाजीही. पण भिवाजीच्या बायकोला, पंचफुलाला, नुकतीच इथंच, अंबरपेठेत, दवाखान्यात नोकरी लागलेली. निघण्याआधीच्या तपासणीत गाडी नापास झाली तर जाणं तरी लांबेल, म्हणून त्यानं पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे बोल्ट गुपचूप ढिले केले. क्लच सोडला की खालून 'खाड्' वाजायचं.

तपासणीला आलेला युसूफ मिस्त्री साहेबांदेखत जीपखाली शिरला, तसं भिवाजीचं काळीज गाडीहून जोरात वाजू लागलं.

"कुछ बी घिसेला नै साब! कोई जानके बोल्टां ढिल्ले करा. सामने के बी, पीछे के बी!"

मागचे? मागच्यांना तर भिवाजीनं हातही लावला नव्हता.

 

"जुनी गाडी रे भिवाजी, व्हायचंच असं," म्हणत एकनाथरावांनी ग्रीसनं काळा झालेला रुमाल घाईघाईनं खिशात कोंबला.