पकडल्याची जागा

तापाची साथ पसरवणारा डास आमच्या भागात नेमका कधी आला, हे शोधायला मी संग्रहालयातले जुने खण तपासत होते. एका खणात बाबांचं मुंगीएवढं अक्षर दिसलं. बाबा जन्मभर रानोमाळ डास पकडत हिंडले. घरी पाहुण्यासारखे यायचे. टाचणीला टोचलेला तोच डास सापडला, चाळीस वर्षांपूर्वीचा, सगळ्यांत जुना. संग्रहपालांनी भिंग धरून खालची चिठ्ठी वाचली, "पकडल्याची जागा: छकुलीचा गाल. पोर तापानं फणफणलीय. दौरा रद्द." त्यांनी विचारलं, "ही छकुली कोण हो, ताई?" "मीच," मी म्हणाले. बाबांनी कधी दौरा रद्द केल्याचं मला ठाऊकच नव्हतं. बाहेर येऊन आईला फोन लावला. "आठ दिवस तुझ्या उशाशी बसून होते," आई म्हणाली. मग पुटपुटली, "मी मेली भांडत राहिले. मला वाटलं, डास पकडायलाच बसलेत."