चेलोचा हुंकार

मालिकांना पार्श्वसंगीत देण्यात त्याची अख्खी हयात गेली होती. पडद्यावर कुणी गळ्यात पडून केसानं गळा कापणार असलं, की त्याच्या चेलोचा खर्जातला हुंकार वाजायचा आणि घरोघरी लोक म्हणायचे, “झालं, आता हिचा घात!”

त्या दुपारी स्टुडिओतले वादक जेवायला गेले होते. दिग्दर्शक मित्रानं त्याच्या खांद्यावर हात टाकला.

“नव्या सिनेमाला तूच. दुसरं कोण?”

तेवढ्यात तोच हुंकार घुमला. त्यानं दचकून पाहिलं. चेलो खोळीत होता, आणि मित्राला काहीच ऐकू आलं नव्हतं.

आठवडाभरात सिनेमा दुसऱ्याच्या नावावर गेला. चाली मात्र याच्याच होत्या.

तो घरी येऊन कोसळलाच. बायकोनं त्याचं डोकं छातीशी धरलं. “जाऊ द्या हो. मी आहे ना?”

“तूच आहेस,” तो गहिवरून म्हणाला. “तुला मी कधी अंतर देणार नाही.”

त्याच्या केसांतून फिरणारा तिचा हात थांबला.

“अहो, हा चेलो कोण वाजवतंय?”

घरात चेलो नव्हता. त्यानं कान देऊन ऐकलं.

त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.