पितृपक्षातली दुरुस्ती

"म्हणजे नवा मदरबोर्ड चालेल, पण नवा कॉम्प्युटर चालणार नाही?" इंदूने विचारलं.

"पितृपक्षात घरात नवी वस्तू आणायची नाही," तिचे सासरे ढुंढिराजशास्त्री म्हणाले. "दुरुस्तीला हरकत नाही. गळकं छप्पर माणूस शाकारतोच की."

शास्त्रीबुवा बनारसच्या शिंदे घाटावर यात्रेकरूंची श्राद्धं करत. हा पंधरवडा म्हणजे त्यांचा हंगाम. कालच दानात कोरी धोतरं मिळाली होती. पण ती आणलेली नव्हती, आलेली होती.

इंदू घरी थीसिस टाइप करून देई. तिचं जुनं ३८६ मशीन साध्या मजकुराला कुरकुरत का होईना चालायचं, पण तक्ता आला की पडदा गोठायचा. मग ते बंद करून पुन्हा लावायचं. बंद करण्याचं काम बनारसची वीज न सांगता करून टाकी. आता कॉलेजात शिकवणारे दुबेजी 'पूर्वांचल का कालीन उद्योग : समस्याएँ और समाधान' घेऊन आले होते. गालिच्यांवरचा हा थीसिस अर्धा तक्त्यांचा. आणि हवा होता अमावास्येच्या आत. याआधी त्यांच्याच गाइडचे दोन विद्यार्थी इंदूकडूनच टाइप करून घेऊन डॉक्टर झाले होते. एक हातमागावर, दुसरा दुग्धव्यवसायावर.

"या डबड्यावर खर्च करणं म्हणजे पेन्शनरला कवायत शिकवणं," इंदूचा नवरा प्रल्हाद म्हणाला. तो रेल्वेच्या हिशेबखात्यात होता. "कर हवं तर. पण दसऱ्यापर्यंत दुबेंचे पैसे आले नाहीत, तर मशीन विकायचं आणि हा धंदा बंद. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

इंदूने बांगड्यांसाठी साठवलेले पैसे काढले.

दुरुस्तीला श्रीराम आला. त्याचं दुकान लंका नावाच्या मोहल्ल्यात. या योगायोगावर बनारसमध्ये कोणी हसत नाही. त्याने मदरबोर्ड बदलला. नव्या बोर्डाला जुनी मेमरी चालेना. मेमरी बदलली, तर जुन्या डिस्कवर विंडोज मावेना. डिस्क बदलली, तर जुन्या डब्याची भोकं जुळेनात. डबा बदलला. मग नव्या कार्डाला जुना पडदा ओळखू येईना.

रोज संध्याकाळी शास्त्रीबुवा घाटावरून येत आणि दारातूनच विचारत, "जुनं काही राहिलंय का त्यात?"

दुरुस्तीच्या शेवटच्या दिवशी इंदूने सांगितलं, "फ्लॉपी घालायची खाच राहिली आहे, मामंजी."

"मग दुरुस्तीच," म्हणून ते पाय धुवायला गेले.

प्रल्हादने बिल पाहिलं आणि खाली बसला. "अरे, इतने में तो नया आ जाता!"

"नया तो सस्ता पड़ता, भाईसाहब. हम पहले ही दिन बोले थे."

"किसको?"

"बाबूजी को," श्रीराम म्हणाला आणि पेचकस पिशवीत टाकला.

मशीन मात्र धावू लागलं. तक्ते निमूट छापून येऊ लागले. तिसऱ्या प्रकरणापासून तर इंदूने दुबेजींच्या कागदांकडे पाहणंच सोडलं. बोटं आपली चालतच होती. प्रल्हाद मागे उभा राहून बघत होता. "स्पीड म्हणतात ती ही," त्याने नाइलाजाने कबूल केलं. "पैसा अगदीच पाण्यात नाही गेला."

इंदूने पुढचा तक्ता छापायला लावला.

अमावास्येला दोन दिवस असताना दुबेजी आले. त्यांनी गठ्ठा चाळला, तक्त्यांवरून मायेने हात फिरवला आणि तो पुन्हा टेबलावर ठेवला.

"बढ़िया. अब दिवाली के बाद ले जाऊँगा, भाभीजी. पेमेंट भी तभी."

"आपने ही तो कहा था, अमावस के पहले चाहिए!"

"कहा था. लेकिन अम्मा ने टोक दिया. पितरपख में कोई नया काम नहीं. थीसिस जमा करना तो नया ही काम हुआ न? फिर छुट्टियाँ लग जाएँगी."

पितृपक्षाचा महिना आपल्याकडे भाद्रपद, दुबेजींकडे आश्विन. महिना कोणता यावर दोन्ही घरांचं कधी एकमत झालं नव्हतं. त्यात नवं काही नको, या एका बाबतीत झालं.

प्रल्हादने मशीनकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं. इंदूला ती नजर दिसली. तिने कपाट उघडलं, आधीच्या दोन थीसिसच्या वाया गेलेल्या प्रती काढल्या आणि दुबेजींच्या गठ्ठ्याशेजारी ठेवल्या. तिन्हींचं तिसरं प्रकरण उघडलं. दुबेजी तिथे बघायचं सोडून छताच्या पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

तेवढ्यात शास्त्रीबुवा घाटावरून आले. टेबलावर काहीतरी उघडून ठेवलेलं दिसलं आणि सवयीने त्यांनी दारातूनच विचारलं, "जुनं काही राहिलंय का त्यात?"

दुबेजींचा जन्म मराठी घरांच्या याच गल्लीतला. मराठी त्यांना बोलता येत नसे, पण कळे सगळं. तरी इंदूने एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"सगळंच जुनं आहे, मामंजी. हातमागाच्या जागी गालिचा घातलाय. आणि वर दुबेजींचं नाव, तेवढं नवं."

"मग दुरुस्तीच," शास्त्रीबुवा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दुबेजींनी पाकीट काढलं.