हलका हात

तारमास्तरांचा उभा जन्म तारयंत्र बडवण्यात गेला होता. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं मोर्सचं पॅडल, म्हणजे तारेची कट्ट-कडकट्ट वाजवणारं छोटं नवं यंत्र, आणलं. त्याच्या दोन नाजूक पात्यांना अंगठा नि तर्जनी नुसती टेकवायची असते. मास्तर त्यांनाही बडवू लागले.

"अहो, संदेश पाठवताय की खिळे ठोकताय?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

हात हलका करायची युक्ती सोपी आहे. पॅडल टेबलाला न बसवता गुळगुळीत काचेवर नुसतं ठेवायचं. जोर झाला की ते सरकतं.

मास्तरांचं खूप सरकायचं. पण एका दुपारी ते चष्मा पुसत असताना पॅडल आपोआप वाजलं आणि त्यांच्याच दिशेनं सरकलं. समोरची खुर्ची रिकामी होती.

बायकोला सांगावं, तर ती कान तपासायला पाठवणार. पॅडल उचलून ठेवावं, तर त्याला हात लावावा लागणार! मास्तर नुसते पाहत राहिले. समोरचा हात त्यांच्यासारखाच जड होता, पण शिकत होता. पॅडल रोज कमी सरकू लागलं. सरकत होतं तोवर निदान तो कुठे बसलाय हे तरी कळत होतं.

आज मास्तर दोन्ही हातांत कप धरून बसले होते. पॅडल सुरेल वाजत होतं, आणि तसूभरही हलत नव्हतं.

"आज जमलं हो तुम्हाला!" बायको आतून म्हणाली. "किती हलका हात!"

पॅडलचा आवाज थांबला.

मग मास्तरांच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलं, अंगठा नि तर्जनी टेकावी तसं, अगदी अलगद. हात खरंच छान तयार झाला होता.