पक्ष्याखाली आभाळ

शिकारी कुत्री टिली थांबली. शेपूट ताठ, पुढचा एक पाय अधांतरी, नाक पाणकणसांच्या दाटीकडे. फेझंट, म्हणजे लांब शेपटीचा रानकोंबडा, आत होता. तिची मालकीण मार्लिस बंदूक छातीशी धरून मागे उभी राहिली. डावीकडे तिचा धाकटा भाऊ अर्लेन. सकाळपासून त्याचे तीन कोंबडे हुकले होते.

"या खेपेला ढगांना मारू नकोस रे बाळा," ती म्हणाली. "पक्षी खाली असतो."

कोंबडा उठला तो जेमतेम गुडघाभर. टिलीने झेप घेतली आणि अर्लेनने तिथेच बार टाकला.

टिली केकाटलीसुद्धा नाही. बर्फावर आडवी झाली आणि पोटाखालचं सगळं लाल होत गेलं. कोंबडा केव्हाच निसटला.

"मार्ले, मला दिसलीच नाही गं ती."

"पक्ष्याखाली आभाळ दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. साऱ्या डकोटात पोरं बंदूक हातात घ्यायच्या आधी हे शिकतात."

ढगांवरून चिडवलं आपणच, हे तिला बोलताबोलता आठवलं आणि तिचा संताप दुप्पट झाला. तिने हातमोजा जखमेवर दाबला, पण आतलं बाहेर येतच राहिलं. जनावरांचा डॉक्टर चाळीस मैलांवर होता. अर्लेनने फोन काढला.

"ठेव तो. पोचायची नाही ती."

तेवढ्यात टिली तिच्या हाताखालून सुटली. दोन पावलं फरफटत गेली आणि पुन्हा थांबली. शेपूट ताठ. पाय मात्र उचलेना, नुसता थरथरत राहिला.

"आत दुसरा आहे," मार्लिस म्हणाली. "उडव."

"अगं, आत्ता?"

"तिनं दाखवलाय ना? उडव."

अर्लेनने झाडोऱ्यात लाथ घातली. कोंबडा कर्कश ओरडत वर चढला. मार्लिसने त्याच्याखाली आभाळ येऊ दिलं आणि मग बार टाकला. पंख मोडून तो पलीकडे आपटला आणि तडफडू लागला. तो आणायला टिली निघाली आणि पहिल्याच पावलाला कोसळली.

तिची छाती हलायची थांबेपर्यंत मार्लिस मानेवर हात ठेवून बसली. मग भावाकडे न बघता, टिलीला सांगायच्या आवाजात म्हणाली, "जा. आण."

अर्लेन गेला. पाणकणसांत रांगत त्याने कोंबडा धरला. कोंबड्याने नख्यांनी त्याचं मनगट फाडलं. त्याने मान पिरगाळली, परत आला आणि कोंबडा टिलीशेजारी ठेवायला वाकला.

"खाली नाही." टिलीपुढे करायची तसा मार्लिसने तळवा पुढे केला. "हातात दे."