पहाटेचं मौन

सकाळची पूजा होईपर्यंत कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही, हा शालनकाकूंचा लग्नाआधीपासूनचा नेम. बिबवेवाडीच्या त्या घरात आता त्या आणि भाडेकरू अपेक्षा, दोघीच. पोरगी आयटी कंपनीत होती. काकूंनी तिला खोली दिली, माया लावली, पण मनातलं कधी काही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी चहा पिता पिता अपेक्षा हळूच म्हणाली, "काकू, आता स्वतःला दोष देणं पुरे. त्या सकाळी मौन मोडून शेजाऱ्यांना हाक मारली असतीत, तरी तुमचं बाळ वाचलं नसतं."

काकूंनी बशी खाली ठेवली. त्या सकाळी आपण मौन मोडलं नाही, हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं गं?"

"असं काय करता! तुम्हीच तर रोज पहाटे माझ्या उशाशी बसून सांगता. मी आपली झोपेचं सोंग घेऊन ऐकते. म्हटलं, तेवढंच तुम्हाला मोकळं वाटतं."

काकूंनी अपेक्षाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आजपासून निजताना खोलीला आतून कडी लावत जा, बाई."



"रोज लावतेच की, काकू."